इशाऱ्यांचे नव्वद कागद

सोमवार, ता. ३

अकराशे चाळीस इशारे! नात पंधरा दिवस त्यांच्यामागे लागली आहे. हे सॉफ्टवेअर म्हणे कुणाच्याच मालकीचे नाही. जगभरचे लोक मिळून घडवितात, वाटेल त्याने वापरावे. त्याच्या हजारो फायली यंत्राला कळतील अशा करून देणारा जो कंपायलर आहे, तो काम थांबवीत नाही, परंतु ठायी ठायी इशारे देत सुटतो. ते शून्यावर आणले तर त्याची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख बाई तिला आपल्याकडे घेणार. नोकरी दूरच्या शहरात. न आणले तर मुंगी—घरात तिला मुंगीच म्हणतो—येथेच, माझ्यापाशी राहील.

"कागदावर छापून दे," म्हणालो.

"आजोबा, तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

"शिक्षण चौथीपर्यंतच झाले, पण बत्तीस वर्षे गिरणीत कापड तपासले आहे. कापड तरी माझ्याशी कुठे बोलत होते?"

खो खो हसली. नव्वद कागद आणून ठेवले.

मंगळवार, ता. ४

जेवणाच्या मेजावर दोघे समोरासमोर. मी तांबडी पेन्सिल घेऊन.

"इशाऱ्यांची तोंडं बंद करायचं एक बटण आहे हं. दाबून टाकू?"

मी ताडकन म्हणालो, "डाग दिसला की घडी उलटी घालणारा आमच्या खात्यात दुसऱ्या दिवशी दिसत नसे!"

"अहो, गंमत केली! केवढं ते चिडायचं!"

चहा गार झाला होता. तिने न सांगता गरम करून आणला.

बुधवार, ता. ५

सापडले.

प्रत्येक इशाऱ्यात फायलीचे नाव निराळे. पण त्याच्या वरच्या ओळीत एकच शब्द, पुन्हा पुन्हा. अर्थ कळत नाही, आकार कळतो. छपाईच्या रुळाला खाच पडली की दर फेऱ्याला तोच डाग उमटतो. कापड कितीही धुवा, व्यर्थ! रूळ घासावा लागतो. एक फाईल दुसरीत ओढून घेता येते, असे मुंगी मागे म्हणाली होती; येथेही एकच फाईल शेकडो फायलींत ओढून घेतलेली असणार, आणि खाच तिच्यातच.

"काही दिसलं का, आजोबा?"

"नाही."

गिरणीत असा खोटा शेरा मी कधी दिला नव्हता.

गुरुवार, ता. ६

आजही 'नाही' म्हणालो.

शुक्रवार, ता. ७

सकाळी प्रमुख बाईंचा फोन आला. मुंगी खिडकीकडे तोंड करून बोलत होती—"नाही हो, अजून नाही सापडलं… हो, प्रयत्न चाललाय." आवाज अगदी बारीक. माझी नात कुणापुढे अशी बोलत नाही! मला ते ऐकवेना. त्या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ काढून कागद पुढे सरकविला.

"हा घे रूळ."

तिने ती फाईल उघडली. एकाच ओळीची दुरुस्ती! सर्व फायली पुन्हा कंपायलरमधून काढल्या. त्याला पाऊण तास लागतो. दोघे पडद्याकडे बघत बसलो. शेवटी—शून्य.

"कमाल केलीत हो," म्हणाली. आनंद व्हावयास हवा होता तेवढा दिसला नाही. दमली असावी.

त्या लोकांची रीत अशी की, दुरुस्तीसोबत दोष दाखविणाऱ्याचे नाव नोंदवितात, आणि ते कायम राहते. तिने माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, घातले. मोठ्याने वाचून दाखविले.

"पाठवू?"

"उद्या पाठव."

शनिवार, ता. ८

"माझे नाव काढ," म्हणालो. "बुधवारीच दिसले होते. तू जाशील म्हणून लपविले."

तांबड्या वर्तुळाचा कागद तिने पुढे ओढला. मग म्हणाली, "मलाही बुधवारीच दिसलं होतं, आजोबा."

नाव तसेच ठेवले. पाठविण्याचे बटण तिच्याने दाबवेना. मी दाबले.