गंगुबाईंची परात वाचनालयाला, हॉटेलाला नव्हे

मी, श्रीमती ललिता गणपत राऊळ, वय ७६, मूळची नायगावच्या बीडीडी चाळीतली, चाळ पाडल्यामुळे सध्या संक्रमण शिबिरात राहणारी, माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही. लिहू नको म्हणणारे मात्र घरातच आहेत. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

१. चाळीच्या बदल्यात मिळणारी सदनिका व तिच्यावरचे माझे सर्व हक्क माझा एकुलता मुलगा हितेंद्र याला द्यावेत. पोटचा आहे, रस्त्यावर कसा टाकू? पण घराखेरीज माझा चमचासुद्धा त्याला मिळू नये. कारण लिहिते.

२. माझी आई, कै. गंगुबाई कुशाबा घाडी, डिलाईल रोडला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले बाप्ये तिच्या हातचे जेवायचे. संपात त्यांचे पगार थांबले, तिची चूल थांबली नाही. तिची पीठ मळायची पितळी परात आणि ती ज्यात आहे तो खानावळवाल्या बायकांच्या मोर्चाचा फोटो, एवढेच माझ्याकडे उरले होते. चाळ रिकामी झाली तेव्हा मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते. घरी आल्यावर हितेंद्र म्हणाला, "सामान हलवताना गहाळ झालं गं, आई." मी रडले आणि ते खरे मानले.

गेल्या वर्षी त्याची मुलगी अपूर्वा हिला बढती मिळाली. तिने आम्हाला जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका हॉटेलात नेले. "तिथे नको, दादरला जाऊ," असे हितेंद्र वाटभर म्हणत होता. मी हात धुवायला उठले. संडासाकडे जाणाऱ्या बोळात माझी आई टांगलेली होती. वर परात, मधोमध भोक पाडून दिवा बसवलेला. खाली मोर्चाचा फोटो. त्याच्या काचेत बघून एक मुलगी लिपस्टिक सारखी करत होती.

मॅनेजर म्हणाला, "आजी, हे डेकोरेशन आहे. एका साहेबांनीच आम्हाला विकलंय."

मी हितेंद्रकडे पाहिले. त्याने मेनूकार्डात तोंड घातले. मग म्हणाला, "घरी धूळच खात होतं ना? इथे लोक बघतात तरी."

"मुतायला जाताना बघतात," मी म्हणाले.

अपूर्वा खुर्चीवर चढली आणि दोन्ही वस्तू उतरवल्या. मॅनेजर पोलिसांची भाषा करू लागला. ती म्हणाली, "बोलवा. कोणी कोणाचं विकलं ते त्यांनाच सांगते." आम्ही दोघी उपाशीच टॅक्सीत बसलो. परात माझ्या मांडीवर होती.

३. या दोन्ही वस्तू मी नायगावच्या नवप्रभात वाचनालयाच्या गिरणगाव इतिहास विभागाला कायमच्या देते. ग्रंथपाल धनेश यांनी फोटो पाहून पहिला प्रश्न केला, "या बायकांची नावं काय?" आठवली तेवढी सांगितली. उरलेल्यांचा शोध चालू आहे. परातीचे भोक बुजवू नये. काय झाले ते लोकांना दिसू दे. फोटोची प्रत त्या बायकांच्या लेकीसुनांना आणि विद्यार्थ्यांना मागतील तेव्हा द्यावी. हॉटेल, मॉल, बिल्डरचा नमुना फ्लॅट यांना देऊ नये. हितेंद्र अजून विचारतो, "हॉटेलवाल्यांना नुसती स्कॅन कॉपी हवीय, आई. तुझं काय जातं?" माझी आई जाते. वाचनालय बंद पडल्यास वस्तू दुसऱ्या सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात, नातेवाइकांना नाही.

४. माझे शिवणयंत्र व बांगड्या अपूर्वाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

५. मी गेल्यावर कुणी भिंतीवर टांगू नये म्हणून माझे स्वतःचे सगळे फोटो मी फाडून टाकले आहेत. एक अपूर्वाने लपवला आहे, हे मला ठाऊक आहे. तो तिने ठेवावा.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

(सही) ललिता गणपत राऊळ

साक्षीदार:
(सही) मयूर दत्ताराम सकपाळ, शेजारी
(सही) डॉ. प्रिती जाधव

स्थळ: नायगाव, मुंबई
दिनांक: १२ जानेवारी २०२६