तिसऱ्या हाकेची वाट

राई, ३ मार्च

चि. निशिगंधास आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या आईला लिहायला बसवलंय. मी ‘न्हाय’ सांगते, ती ‘नाही’ लिहिते. सुनेपुढे सासूचं चालतंय कुठे.

तू ठाण्यात जुनी दप्तरं चाळतेस, तर माझ्या बाबांचंही बघ. नाथा, राईच्या मिठागरावरचे. मी लहान होते. खाडीचं पाणी अडवायची फळी बघायला बाबा सकाळी गेले. दिवेलागणीला खाडीकडून आईला हाक आली, पार्वते. एकदाच. आमच्यात तिन्हीसांजेला खाडीवरच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, तिसरीची वाट बघतात; मेलेला तीनदा हाक मारत नाही म्हणतात. आईने माझं तोंड दाबून धरलं. दुसरी आलीच नाही. सकाळी बाबा बुडाल्याचा निरोप आला.

ओ दिली असती तर माणूस जगला असता, हेच म्हणत आई मेली. मी जायच्या आधी एवढं कळू दे, बाबा बुडाले कधी.

तुझी आजी

ठाणे, २० मार्च

ती. आजीस सा. न.

नाथाबाबा सापडले. पोलिसांच्या जुन्या नोंदीत चार ओळी आहेत. फळी तुटली, अपघाताने बुडाले. प्रेत त्याच दिवशी भर दुपारी पलीकडच्या काठाला मिळालं. ओळख पटायला रात्र गेली.

म्हणजे हाक आली तेव्हा ते गेलेलेच होते. पणजीचा काही दोष नव्हता, आजी. हाक दुसऱ्याच कुणा पार्वतीला असेल.

आईने हे तुझ्या कानाशी वाचलं असेल तर अर्ध्या राईला कळलं असेल. रागावू नकोस, माया ठेव.

तुझी निशिगंधा

राई, २८ मार्च

चि. निशिगंधास आशीर्वाद.

अर्ध्या कशाला, समोरच्या टॉवरमधल्या मनोरमाबेननीसुद्धा क्या हुआ म्हणून विचारलं. नोंद आईच्या फोटोपुढे पुन्हा वाचून घेतली. ती सुटली गं.

पण दुसरी पार्वती शोधू नकोस. आवाज बाबांचाच होता. बुडालेला माणूस घरी यायला बघत होता, आणि आम्ही कडी घातली.

काल दिवेलागणीला तुझ्या आईने कुकर लावला होता. त्याच्या शिट्ट्या मला ऐकू येत नाहीत. हाक आली. पार्वते. तोंड दाबायला कुणी नव्हतं. मी तिसरीची वाट बघितली नाही. ओ दिली, म्हटलं आई पुढे गेली, तुम्ही या.

तेव्हापासून मी दार उघडं ठेवते. तुझी आई उठून लावते, मी पुन्हा उघडते. हे लिहितानाही तिचं लक्ष दाराकडेच आहे.

लोभ असू दे. येशील तेव्हा लांबून हाक मारू नकोस, सरळ आत ये.

तुझी आजी