मोरूमामांची मशीन आणि माझे दोनशे चौदा डबे

११ मार्च, रामवाडी

आज मोठा निर्णय. मोरूमामांची मशीन मी लॅपटॉपमध्ये आणणार.

मोरूमामा म्हणजे माझ्या बायकोचे, नमिताचे मामा. दिवसा मिठागर, संध्याकाळी हळदी-लग्नांत वाजवणारी बेंजो पार्टी. आणि मशीन म्हणजे त्यांचा सिंथेसायझर. जुना, अ‍ॅनलॉग, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. खाडीकडच्या प्रत्येक हळदीत तो वाजलाय. हल्ली मध्येच गप्प होतो.

१२ मेला मामांच्या सुरभीची हळद. मामांचं म्हणणं एवढंच की जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींच्या हळदीत वाजवलं, आता आपल्या पोरीच्या हळदीत त्याच आवाजात वाजवायचंय. मी म्हणालो, मामा, यंत्र म्हातारं होतं, आवाज होत नाही. वाक्य मलाच फार आवडलं.

मामा म्हणाले, जावय, पन माजी मशीन मना परत मिलंल ना? म्हटलं, याच्याहून भारी मिळेल.

१६ मार्च, रविवार

मशीन उघडली. आतलं बघितल्याशिवाय नक्कल कशी करणार? प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा असं ठरवलं होतं. पहिला काढला, मग हातच थांबेना. तीन तासांत सगळं सुटं. स्क्रू स्टीलच्या डब्यात, तारा वर्तमानपत्रावर.

नमिताने विचारलं, परत जोडता येईल ना? तिला समजावलं की परत जोडायची गरजच पडणार नाही, हाच तर प्रोजेक्ट आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुक असावं.

१७ मार्च

फोटो बघितला. त्यात माझा अंगठा आहे.

२३ मार्च

सॉफ्टवेअर सोपं निघालं. स्क्रीनवर डबे ठेवायचे. एक डबा सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. डब्यांना माउसने तारा जोडायच्या. कोड लिहायचा नाही, हात काळे करायचे नाहीत. शिकायला वीस व्हिडिओ आहेत. पहिला बघितला. बेसिक सगळं त्यातच आलं.

वेळापत्रक: मार्चअखेर आवाज. पंधरा एप्रिलला ट्रायल. उरलेला महिना बफर.

३ एप्रिल

आवाज अजून नाही, पण चेहरा तयार! बाजूचं लाकूड, गंज, मामांनी चिकटवलेला गणपतीचा स्टिकर, बिडीने पडलेला डागसुद्धा स्क्रीनवर हुबेहूब. सव्वीस बटणं माउसने गरगर फिरतात. कशालाच जोडलेली नाहीत, पण फिरतात झकास.

नमिता म्हणते यात दहा दिवस घालवले. आठ.

९ एप्रिल

आवाज आला!!! मामांच्या मशीनसारखा नाही. पण आला.

१० एप्रिल, रोहा, फर्स्ट शिफ्ट

आज कंपनीत डबा खाताना लॅपटॉप कंट्रोल रूमच्या स्पीकरला जोडला. मोठ्या स्पीकरवर कसा वाटतो बघायचं होतं. सूर हळूहळू चढवला.

गॅस लीकचा भोंगा समजून अख्खा प्लांट असेंब्ली पॉइंटला जमा. एकशे सत्तेचाळीस माणसं, कँटीनवाल्यासकट. हजेरी घेतली तर एकच माणूस कमी. तो मी. फाईल सेव्ह करत होतो.

सेफ्टीवाल्या निकेशने मेमो दिला. दिला तर दिला. एवढ्या लोकांना एका सुरात जागेवरून उठवणं मोठमोठ्या कलाकारांना जमत नाही.

१५ एप्रिल

ट्रायल पुढे ढकलली. कारणं: १. उकाडा. २. शिफ्ट बदलली. ३. लॅपटॉपचा पंखा. ४. घरात कोणी सपोर्ट करत नाही.

डबे दोनशे चौदा झाले. तारा मोजल्या नाहीत. नमिता मागून डोकावली आणि म्हणाली, शेवया वाळत घातल्यात का? मी दुर्लक्ष केलं. मग तारेचं दुसरं टोक शोधायला पाऊण तास लागला.

२७ एप्रिल, रविवार

अखेर ट्रायल. मामा मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले.

स्क्रीनवरचा स्टिकर बघून हसले. मग वाजवायला बसले. उजवा हात लॅपटॉपच्या कीबोर्डवर, आणि डावा आपोआप बटणांकडे गेला. मामा दोन बटणं एकदम फिरवतात, एक अंगठ्याने, एक करंगळीने. माउसने एकच फिरतं. मामांनी काचेवर बोट घासून बघितलं. मग विचारलं, याला हात कंचे जागंव लावाचा?

मी सांगितलं, सवयीचा प्रश्न आहे. वहीत नोंद केली: यूजरला ट्रेनिंग लागेल.

जाताना त्यांनी विचारलं, माजी मशीन बरी हाय ना? मी म्हणालो, एकदम सुरक्षित आहे. खोटं नाही. क्रेटमध्ये घालून पलंगाखाली सरकवली आहे, तिथे कोणाचा हात जात नाही.

४ मे

पलंगाखालचं क्रेट दिसत नाही. नमिताने भंगारात दिलं असेल. तिला विचारलं नाही. विचारलं तर ती पण काहीतरी विचारेल. आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. आता मागे फिरायचा रस्ताच नाही. मोठी कामं अशीच होतात.

१० मे

तीन सूर उत्तम येतात. चौथा सूर दाबला की लॅपटॉप हँग. दोन दिवसांत दुरुस्त होण्यासारखं नाही, म्हणून प्लॅन बदलला: मामांनी तीनच सुरांची गाणी वाजवावीत. हळदीच्या गाण्यांना तसे किती सूर लागतात?

११ मे

चार लागतात.

१३ मे, सकाळ

कालचं लिहूनच टाकतो.

मांडव भरलेला. सुरभी पाटावर, अंगभर हळद. मामा पांढऱ्या कपड्यांत, पिवळ्या हातांनी माझ्या लॅपटॉपसमोर उभे राहिले. मी माईकवरून दोन शब्द बोललो. दोनाचे जरा जास्त झाले. मग मामांनी सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथा त्यांनी सवयीने दाबलाच.

स्क्रीन गोठली. ढोलकीवाला थांबला. बाया गायच्या थांबल्या. मी म्हणालो, लोड होतंय. मामा म्हणाले, व्हईल, व्हईल. आणि खाली बघायला लागले. सगळ्या गावाला ज्याने नाचवलं तो माणूस स्वतःच्या पोरीसमोर हात लोंबते सोडून उभा होता. हे मी केलं. मला तिथून रोह्यापर्यंत धावत जावंसं वाटलं.

तेवढ्यात मागे रिक्षा थांबली. नमिता उतरली आणि तिच्यामागून चंद्रावतीमावशी. ही मामांची बहीण, हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात असते. रंगाच्या स्प्रेगनचे कंप्रेसर, पंखे, मिक्सर, सगळ्याची वायरिंग हीच बघते. मावशीच्या काखेत जुन्या साडीत गुंडाळलेली मशीन. अख्खी. जोडलेली. क्रेट भंगारात नाही, हमरापूरला गेलं होतं.

मावशी म्हणाली, मशीनला काय बी झालं नवतं, निसती एक तार ढिली व्हती. बाकी सगला जावयांनी खोललेला.

मामांनी मशीनवर हात ठेवला. वाजली. पण सुराबरोबर मागे घुंऽऽ असा मोठा आवाज. मावशी म्हणाली, अर्थिंगची तार नाय गावली. ती बहुतेक त्या वर्तमानपत्राबरोबर रद्दीत गेली. मावशीने मशीनच्या पत्र्यावर तळवा टेकवला, घुं बंद. उचलला, परत घुं. पण ती नवरीची आत्या, तिला हळद लावायला जायचं होतं. तिने माझे दोन्ही हात धरले, पत्र्यावर ठेवले आणि म्हणाली, चपला काढा आनि हितंच बसा.

मी अनवाणी ओल्या जमिनीवर बसलो. तीन तास. येताजाता बायांनी माझ्या कानात, नाकात, डोळ्यांत हळद भरली, पुसता आली नाही. मुंबईच्या कोणीतरी पाहुण्याने विचारलं हे कोण, तर नमिताने सांगितलं, आमचे हे, आज अर्थिंगला आहेत.

मामा वाजवत होते. अंगठ्याने एक बटण, करंगळीने दुसरं. सुरभी पाटावरून उठून नाचली आणि मामा वाजवता वाजवता रडले. मीही रडलो. हळद गेली होती डोळ्यांत, पण तेवढ्यामुळे नाही.

शेवटी मी म्हणालो, मामा, उद्याच नवीन तार आणून जोडतो. मामा म्हणाले, नको. तार नाचनाऱ्यांचे पायान येते, तुमी बरे. मग पंचांगाच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, या म्हैन्यान अजून सात हलदी हायेत, तुमची शिफ्ट कंची?

म्हटलं, फर्स्ट. संध्याकाळी मोकळाच असतो.