शेवटच्या गाडीचं जॅकेट

नागाव,
१२ जानेवारी २०२६

चि. साक्षी,

खूप खूप आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आम्ही बरे आहोत. आईने तुझ्यासाठी नारळाच्या वड्या केल्यात. मी दोनच खाल्ल्या, तिचं म्हणणं वेगळं आहे.

काल तुझ्या स्वप्निलची माणसं काशीदहून पहिल्यांदा घरी यायची आणि मी चौल नाक्यावर ड्यूटीला. रविवार, पर्यटकांच्या गाड्या, त्यात बर्फाचा टेम्पो उलटला. लाद्या रस्ताभर. सगळ्या गाड्या मी वाडीतल्या आतल्या रस्त्याला वळवल्या. ती माणसं त्याच रस्त्याने येणार हे मला ठाऊक होतं, पण दुसरा रस्ता नव्हताच गं. ते उशिरा पोचले, मी घरी नाही, म्हणून बोलणी न होताच परत गेले, आणि पुण्याला निघताना तू म्हणालीस, "मुद्दाम केलंत." फार लागलं मनाला.

ड्यूटी मात्र मी मागून घेतली होती. पर्यटकांना बोटीतून फिरवणारा जावई मला नको होता, आणि ते त्यांच्या तोंडावर मला सांगता आलं नसतं.

आता ऐक. त्या अरुंद रस्त्यावर मारामाऱ्या होणार म्हणून मी मोटारसायकल काढून गेलो. बघतो तर गाड्या सुरळीत चाललेल्या! नव्या शर्टातला एक मुलगा घामाघूम होऊन आळीपाळीने एकेक बाजू सोडत होता. शेवटच्या गाडीच्या आरशाला नारिंगी लाइफ जॅकेट अडकवायचा. ते पलीकडच्या टोकाला त्याच्या वडिलांच्या हाती पडलं, की तिकडच्या गाड्या सुटायच्या आणि त्यांच्या शेवटच्या गाडीवरून जॅकेट परत यायचं. माझ्यावरच ओरडला, "ओ हवालदार, बाजूला घ्या, समोरून पेशंट येतोय!" मी मुकाट्याने घेतली.

"निघालास कुठं?" मी विचारलं.

"मागणी घालायला," म्हणाला नि लाजला. "मुलीचे वडील लय कडक हायेत म्हणे. पण हे असं सोडून कसा जाऊ?"

हेल्मेटची काच मी वर केलीच नाही. हसू येत होतं, आणि डोळेही भरले होते. मी भेटल्याचं त्याने तुला सांगितलं नसणार, कारण मी कोण ते त्याला अजून माहीत नाही.

येत्या रविवारी त्यांना पुन्हा बोलाव. तूही ये. मी रजा टाकली आहे. वाटेत गाड्या अडल्या तर अडू देत, तो सोडवत सोडवत येईल. कितीही उशीर झाला तरी चहा मी जावयाबरोबरच घेणार.

दारात उभा राहून वाट बघणारा,
तुझा कडक बाबा