काडाचा ढीग

प्रिय हट्टी माणसा,

फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि लगेच फोन इस्पितळाच्या वॉर्डातल्या माणसाच्या हाती देतोस, म्हणून हे पत्र. पत्राला हं हं चालत नाही, वाचावंच लागतं.

आधी बातमी. कोकरं विकलेली नाहीत, एकही नाही. तू भावजींकरवी खाटकाला निरोप धाडलास, हे मला खाटकाकडूनच कळलं. तो बिचारा टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. मी त्याला चहा पाजला आणि रिकामाच परत पाठवला. तेव्हापासून भावजी माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू देत. तुझं म्हणणं तसं खोटं नव्हतं. गवत संपलंय, कोकरांना धान्य घालण्याची आपली ऐपत नाही आणि गव्हाच्या नुसत्या वाळक्या काडावर कोकरू वाढत नाही, त्याचं पोट तेवढं सुटतं. यातलं शेवटचं मात्र अर्धंच खरं निघालं.

पशुवैद्य बाई लस टोचायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काडात कस असतो, पण तो अडकून पडलेला असतो. युरियाचं पाणी मापात शिंपडायचं, काड थराथराने तुडवायचं आणि प्लॅस्टिकखाली काही आठवडे हवाबंद ठेवायचं. मग ते मऊ पडतं आणि अंगी लागतं. माप त्यांनी स्वतः करून दाखवलं, कारण जास्त झालं तर ते विषच. दूध पिणाऱ्या पिल्लांना तर त्याला तोंडही लावू द्यायचं नाही; आपली दुधावरून सुटलीत, म्हणून चालतं. मी हे आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, खत पिकाला घालतात की पोराबाळांना? कोकरांना त्या पोरंबाळंच म्हणतात. आपल्याला नाहीत हे माझ्या मनात येऊ नये, इतक्या सहज म्हणतात.

पहिला ढीग आम्ही दोघींनीच घातला. आपल्या चाऱ्याला परक्याचा हात नको, हा आपल्या घरचा ताठा मी तुझ्याकडूनच उचललाय. मी थर पसरायचे, पाणी शिंपडायचे आणि वर चढून नाचल्यासारखी तुडवायचे. माझं वजन ते कितीसं? मधला भाग बसला, कडा फुगलेल्याच राहिल्या. शेवटी आई शिवणाची पिशवी घेऊन वर जाऊन बसल्या, तेवढाच भार म्हणून. त्यांना उतरवताना मात्र भावजींना हाक मारावी लागली. एवढं करून ढीग उघडला, तर कडांना बुरशी. आई म्हणाल्या, वाळवून घालू. पण ती आतपर्यंत कुठवर पोचलीय ते समजेना, म्हणून चांगलं दिसणारं काडसुद्धा मी खड्ड्यात पुरलं. त्या दिवशी मी रडले. तू असतास तर माझ्यावर ओरडला असतास, आणि मला तेच हवं होतं.

दुसरा ढीग लहान केला, गोठ्याच्या कोपऱ्यात. दोन भिंती आयत्या मिळाल्या, उरलेल्या बाजूंना फळ्या ठोकल्या. उघडताना वासाने डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे काड पसरून त्याला भरपूर वारा दिला. तरी कोकरांनी हुंगलं आणि सरळ पाठ फिरवली, अगदी तुझ्यासारखी. मग मी वाटाण्याच्या वेलांत चिमूट चिमूट मिसळायला लागले, वरून थोडी पेंड. हळूहळू वेल कमी केले, काड वाढवलं. आता गव्हाणीत काही उरत नाही. पाठीवरून हात फिरवला तर मणके टोचत नाहीत. धान्यावर वाढली असती तितकी वाढलेली नाहीत, पण वाढताहेत. बाईंनीही वजनं करून तेच सांगितलं.

आणि हो, काड बारीक मीच करते. कुट्टी मशीन विकून टाक म्हणाला होतास, तेही विकलेलं नाही. पहिल्यांदा त्याच्याजवळ गेले आणि चालू न करताच परत फिरले. पाती मीच घासूनपुसून स्वच्छ केली होती, तरी मला त्यांच्यावर तुझा हात दिसत होता. मग मेकॅनिकला बोलावलं आणि मशीनच्या तोंडाला लांब झाकलेली पन्हळ बसवून घेतली. आता कुणी कितीही घाई केली तरी हात पात्यांपर्यंत पोचत नाही. मी ते रोज चालवते. रोज भीती वाटते आणि रोज चालवते.

आता मूळ गोष्ट. तुझ्या नर्सबाईंचा फोन आला होता. तू व्यायाम सोडलास, घरी जायची तारीख पुढे पुढे ढकलतोस, आणि त्यांना म्हणालास की एका हाताचा माणूस मेंढरांत जाऊन काय करणार, बायकोच्या जिवावर बसून खाणार. कोकरं विकायची तुला एवढी घाई का होती, ते मला तेव्हा कळलं. कोकरं गेली की परत येण्याचं कारणच उरत नाही. तर ऐक. मला तुझी कीव येत नाही. राग येतो, आणि फार आठवण येते. आता मोठा ढीग घालायचाय, सगळी कोकरं त्यावरच जगवायचीत. आई पुन्हा वर चढणार नाहीत आणि माझ्याने कडा दबत नाहीत. भावजी अजून फुरंगटलेत आणि परक्याला मी बोलावणार नाही. तुडवायला हात लागत नाहीत, पाय लागतात, आणि तुझे पाय चांगले धडधाकट आहेत. काड आणून ठेवलंय. तू दारात दिसेपर्यंत मी युरिया पाण्यात कालवणार नाही. रविवारच्या गाडीने निघ.

तुझीच,
भांडकुदळ