‘अ‍ॅडजस्ट’ची नोंद

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? शेक चालू ठेव म्हणावं.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते, नाहीतर मला चैन पडणार नाही. ‘अ‍ॅडजस्ट’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘जस्ट’, म्हणजे न्याय आहे, असं मी तुला ऐटीत लिहिलं होतं. तसं नाही. आमच्या शब्दकोशासाठी ती नोंद पुन्हा तपासली. मूळ लॅटिन शब्द ‘युक्स्टा’, अर्थ नुसता ‘जवळ’. जवळ आणणं, खेटून बसवणं, एवढंच. न्यायाचा भास लोकांना मागाहून झाला. म्हणजे सासरी तू इतकी वर्षं जे करतेस, त्यात न्याय कुठेच नव्हता गं.

दुसरी चूक. मला ताप हवेमुळे आला, असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी ऑफिसात पाणीच पीत नाही. बारा माणसांत एक संडास. कडी तुटलेली, भांड्यावर पिवळे ओघळ, कोपऱ्यात थुंकी, पाण्यात तरंगणारी सिगारेटची थोटकं. आणि ही म्हणे शुद्धलेखन तपासणारी माणसं! टायपिस्टबाई बाहेरून दार धरतात तेव्हाच मी जाते, श्वास कोंडून. त्या महिनाभर रजेवर होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. पाणी पिताना जीव जातो का तुझा?”

मग संपादकांना निदान कडीचं तरी सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या घरी काय संगमरवरी होतं? थोडं अ‍ॅडजस्ट कर.” सगळे खिदळले. संडासापेक्षा त्या हसण्याची जास्त किळस आली. आता त्यांनी तपासलेला कागद हातात घेताना वाटतं, यांनी हात तरी धुतले असतील का?

ऑफिसात रमत नाही, एवढंच कळवलं तर तूही लिहिलंस, “मोठ्या लोकांत बसतेस, जरा अ‍ॅडजस्ट कर.” तुला बोल लावत नाही. तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकले. म्हणूनच तर गप्प होते.

सोमवारी अकराला आमच्या शब्दकोश मंडळाची बैठक आहे. मला कायम करायचं की नाही, तेही त्यातच ठरेल. मी घरून तांब्याभर पाणी पिऊन जाणार. अध्यक्षांना म्हणणार, “आधी उठा, आणि ते दार उघडून बघा.” आईला काही बोलू नकोस. नोकरी गेलीच, तर मी स्वतः येऊन सांगेन.

सोमवारी, १७ मार्चला, तोंड उघडणारी
तुझी धाकटी