बापूंच्या खुर्चीसाठी जुळवलेला आवाज

ललित,

मी कडोदऱ्याला कामावर निघालेय, बापू आत झोपलेत. टीव्ही लावण्याआधी हे वाच.

होम थिएटरचे स्पीकर मी हलवलेत. तू सगळा आवाज तुझ्या सोफ्यासाठी जुळवला होतास. आता सोफा भिंतीला गेला आणि मधोमध बापूंची खुर्ची आली. मागचे दोन स्पीकर तिच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर बसवलेत. रिसीव्हरसोबत आलेला छोटा माईक बापूंचं डोकं टेकतं तिथे ठेवून सगळं पुन्हा जुळवलं. माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणून त्याचा आवाज वाढवलाय.

रविवारी सिनेमा चालू असताना बापूंनी दोनदा "काय बोलना तो?" असं विचारलं, तर तू मित्रांसमोर त्यांना आत जाऊन बसायला सांगितलंस. नंतर मी बोलवायला गेले, तर म्हणाले, "माले आठेच बरं शे." स्वयंपाकघरात, स्टुलावर! उधन्याला कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, ते आपल्याला वाढवताना. हे मी पुन्हा होऊ देणार नाही.

आज सकाळी सिनेमा लावला. एका विनोदाला बापू माझ्याआधी हसले.

तुझे मित्र आले तर सतरंजीवर बसतील. तू खुर्ची हलवलीस तर मी परत तिथेच आणेन.

बापूंनी मला विचारलं, "ललितले चालई का?"

मी म्हटलं, "त्याला विचारणार नाही, सांगणार आहे."

ताई